गच्चीवरच्या बागेत किडा दिसला की लगेच स्प्रे? या चुका टाळा

गच्चीवर, बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात, किडा दिसलाय, काय मारू? पण कुंडीत झाड एकटं नसतं हो. त्याला खाणारा असतो, त्या खाणाऱ्याला खाणारा असतो, आणि स्वतःचा फायदा आहे म्हणून त्या किडीला सांभाळणारा पण असतो. कोण कोणावर जगतंय ते आधी बघायचं, मग बाटली हातात घ्यायची.

सगळ्यात कॉमन चूक माव्याच्या, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या बाबतीत होते. चवळीच्या किंवा वालाच्या शेंड्यावर काळा मावा दिसतो, आपण फवारतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त येतो. कारण माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतात. लेडीबर्डला, म्हणजे ढालकिड्याला, अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आधी किडी वाढणार आणि तिला खाणारे मागून येणार, हे असंच असतं. नेमके ते पोचतात तेव्हा आपण स्प्रे मारतो, दोघंही मरतात, आणि परत फास्ट वाढतो तो मावाच. म्हणून मावा थोडा असेल तर पाण्याचा जोरात फवारा मारून पाडा, थोडा राहिला तर राहू दे, खाणाऱ्यांना काहीतरी खायला हवं ना.

दुसरं म्हणजे ओळखण्यात घोळ. ढालकिडा सगळ्यांना माहितीये, पण त्याची अळी लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते आणि लोक तीच आधी चिरडतात. पानावर केसाएवढ्या दांडीवर टोकाला पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याचं, त्याची अळी पण मावा खाते. माव्यात मधेच काही फुगलेले, तपकिरी, न हलणारे दिसले तर त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढतेय, ती पानं तोडून टाकू नका. ही माशी खूप बारीक असते पण तिची ताकद कमी समजू नका. 2008 मधे कोइम्बतूरला पपईवरचा मिलीबग (पिठ्या ढेकूण) पहिल्यांदा सापडला, पुढे महाराष्ट्रातही पसरला, औषधांनी आवरेना. 2010 मधे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरून अशाच बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला.

मुंग्यांकडे तर कोणी बघतच नाही. मावा आणि मिलीबग गोड चिकट स्राव सोडतात, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या ढालकिड्यांना हाकलतात, किडीला राखतात. पानं चिकट होऊन त्यावर काळी बुरशी चढलीये आणि खोडावर मुंग्यांची रांग आहे, असं असेल तर आधी रांग तोडा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमधे ठेवा (साबणाचे दोन थेंब टाका नाहीतर डास होतील), आणि झाड भिंतीला टेकलंय का तेही बघा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

काकडी, दुधी लागतो आणि बोटाएवढा होऊन पिवळा पडून गळतो, मग लोक खत वाढवतात. खूपदा खताचा काही संबंधच नसतो, परागीकरण झालेलं नसतं. काकडी, कारल्याची फुलं सकाळी उघडतात, तिथे मधमाश्या लागतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी उघडतात, तिथे पतंग येतात. दुधीचं फूल सकाळी हाताने परागीकरण करून उपयोग नाही, संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलाला लावा. फळाला बारीक छिद्र असेल, आतून सडलं असेल तर मात्र फळमाशी.

वांगी, टोमॅटोचं अजून वेगळं. यांचे पराग झटकून काढावे लागतात, ते मधमाशीला जमत नाही, मोठा काळा भुंगा अंग थरथरवून काढतो. तो लाकूड पोखरतो म्हणून त्याला मारतात, पण वाचवा त्याला. भुंगे येतच नसतील तर सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारा.

पिवळे चिकट सापळे सरसकट लावू नका, त्यात मित्रकिडी पण चिकटतात. निंबोळी तेल मारायचंच असेल तर संध्याकाळी, फक्त जिथे किडी आहे तिथेच, फुलांवर नको.

आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळ्या पण लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. झाड मोठं असेल तर चार पानं खाल्ल्याने काही होत नाही. रोप अगदीच लहान असेल तर अळी उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर ठेवा.