पंख्याला दोष देण्याआधी: डेस्कटॉप तापतो तेव्हा या चुका टाळा

कॉम्प्युटर घोंघावू लागला आणि मध्येच बंद पडला की पहिला संशय पंख्यावर जातो. माझाही गेला होता. मी प्रोसेसरचा कूलर काढून तडक नवा बसवला, आणि तो जुन्यापेक्षाही जोरात घोंघावू लागला! मग जुना उघडून पाहिला. पंखा उत्तम होता. त्याच्या पात्यांखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर, धुळीचा असा थर बसला होता की नखाने उचलल्यावर तो फेल्टच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. वरून पाहिलं तर कूलर स्वच्छ दिसत होता. हवा मात्र त्या थरावर आपटून परत येत होती.

पंख्याचा वेग मदरबोर्ड ठरवतो, तोही तापमान बघून. त्यामुळे जोरात फिरणारा पंखा बहुधा धडधाकटच असतो, त्याला फक्त जास्त काम लागलेलं असतं. खरखर, टकटक किंवा सुरू होताना कण्हल्यासारखा आवाज आला तर मात्र बेअरिंगवर संशय घ्या. मशीन बंद करून, प्लग काढून, पातं बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा दोन-तीन फेऱ्या घेऊन सावकाश थांबतो, बिघडलेला अडखळतो किंवा डगडगतो. त्यात गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. चार दिवस आवाज जातो, मग पंखाच जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तापमान न मोजताच स्क्रू ड्रायव्हर हातात घेणं. एचडब्ल्यूइन्फोसारखं एखादं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि आकडे बघा. काही काम चालू नसताना ३५ ते ५० अंश सेल्सिअस आणि जड कामात ७० ते ८५ अंश, यात घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तरच मशीन बंद पडतं. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जड कामात ९५ अंशांना टेकतात. ते तसेच बनवलेले आहेत.

नुसत्या आकड्यापेक्षा तो कसा चढतो ते बघा. काम सुरू करताच काही सेकंदांत ९० च्या पुढे उडी मारली, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही, नाहीतर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलीय. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर धूळ किंवा कॅबिनेटमधली कोंडलेली हवा. अशा वेळी बाजूचं झाकण काढून तेच काम पुन्हा करून बघा. तापमान दणकन उतरलं तर हवेची वाट अडलीय. (झाकण कायमचं उघडं ठेवणं हा उपाय नव्हे.) आणि तापमान ठीक असूनही मशीन बंद पडत असेल, तर ग्राफिक्स कार्डचे आकडे आणि पॉवर सप्लाय तपासा.

माझा नवा कूलर पहिल्या प्रकारातला निघाला. इंटेलच्या साध्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पुश-पिन असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज यायला हवा. मी ओळीने दाबत गेलो. चौथी अर्धवटच राहिली आणि कूलर तिरका टेकला. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरणारेही थोडे नाहीत. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी लावायची. वाटाण्याएवढा एक थेंब पुरतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डवर कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडं तापवा, बंद करा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

साफसफाई करताना तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. कॉम्प्रेस्ड एअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा वेड्यासारखा गरगरतो आणि बेअरिंगवर ताण येतो.

नवा पंखा उलटा बसवण्याची चूकही नेहमीची. जाळीसारखे दांडे आणि स्टिकर असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेतील आणि मागचे-वरचे बाहेर टाकतील, असं बसवा. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी चालतो, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याच्या पद्धतीवर, हवा. पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेतून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर) राहिला तर कायम पूर्ण वेगाने ओरडत राहील. प्रोसेसरचा पंखा ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर सुरू होतानाच एरर येऊ शकते. आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे रिकाम्या वेळी थांबलेले दिसले तर लगेच बदलायला काढू नका. अनेक कार्डं थंड असताना ते मुद्दाम बंद ठेवतात.

पॉवर सप्लायचा पंखा बंद पडला असेल तर तो डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका विद्युतभार राहू शकतो. अख्खा पॉवर सप्लाय बदला.