मेंदूतील जोडण्यांचे नकाशे वाचताना या चुका टाळा

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या तपासणी केंद्रातून एमआरआयच्या फिल्म घेऊन बाहेर पडणारे नातेवाईक ‘मेंदूतलं कनेक्शन ठीक आहे ना?’ असे हमखास विचारतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना, गाठ किंवा रक्तस्राव दिसतो. भागाभागांतील संबंध शोधण्यासाठी वेगळे स्कॅन आणि त्यानंतर संगणकावर बरीच आकडेमोड करावी लागते.

हे संबंधही दोन प्रकारचे, म्हणजे मज्जातंतूंची प्रत्यक्ष जोडणी आणि कामातील ताळमेळ, असून त्यांची गल्लत पदव्युत्तर विद्यार्थीही करतात. डिफ्यूजन एमआरआयमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज पसरत असल्याने तंतूंच्या जुडग्यांचा मार्ग त्यावरून ताडता येतो. फंक्शनल एमआरआयला मात्र तंतू दिसतच नाहीत. रक्तातील ऑक्सिजनशी निगडित संकेतांचे चढउतार दोन भागांत एकाच लयीत होतात का, एवढेच त्यातून कळते. स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या डाव्या व उजव्या मोटर कॉर्टेक्सची (शरीराच्या हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागाची) लय जुळते, हे संशोधक भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले. तथापि लय जुळली म्हणजे थेट जोडणी सापडली असे मानू नये, कारण तिसराच भाग दोघांना चालवत असू शकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोक्याच्या हालचालीकडे दुर्लक्ष. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या हालचालीनेही जवळच्या भागांतील संबंध फुगतात आणि दूरच्या भागांतील संबंध क्षीण भासतात, हे 2012 च्या सुमारास अनेक अभ्यासांतून पुढे आले. लहान मुले अधिक चुळबुळ करतात, त्यामुळे मुले आणि प्रौढ यांच्यातील ‘फरक’ हा निव्वळ हालचालीचा फरक निघू शकतो. म्हणून डोक्याभोवती फोमच्या गाद्या नीट बसवाव्यात, यंत्राच्या खडखडाटाची कल्पना आधीच द्यावी आणि स्कॅननंतर प्रत्येक चित्रागणिक हालचालीचा आलेख तपासून खराब चित्रे वगळावीत. तो आलेख न उघडताच रंगीत नकाशा प्रबंधात चिकटवणे हा शुद्ध आळस आहे.

डिफ्यूजन नकाशातील रंगांनीही अनेकांची फसगत होते. प्रचलित पद्धतीत लाल रंग डावी-उजवी, हिरवा पुढची-मागची आणि निळा वर-खालची दिशा दाखवतो; जोडणीच्या बळकटीशी त्याचा संबंध नसतो. संगणकाने तंतूंचा मार्ग म्हणून काढलेल्या रेषांची संख्या ही तंतूंची संख्याही नव्हे. जिथे तंतू एकमेकांना छेदतात, तिथे संगणक चुकीच्या वाटेला लागतो. 2017 मध्ये 20 संशोधक गटांच्या पद्धती पडताळल्या, तेव्हा बहुतेकांनी खऱ्या जुडग्यांपेक्षा खोटीच अधिक काढल्याचे आढळले. गाठ काढताना शल्यविशारद हे नकाशे वापरतात, पण नाजूक जागी मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन खात्री केल्यावरच पुढे जातात.