स्प्रॉकेट बदललं की मीटर किती फसवतं? घरच्या घरी असं तपासा

दुधाचे कॅन लादून कन्नडचा घाट चढायचा, किंवा डबल सीट मांजरसुंब्याला जायचं, म्हणून मोटारसायकलचं पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) काढून १४ चं टाकणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. गाडी ओढायला लागते, हे खरं. पण मग मीटर चुकतं का? ते स्प्रॉकेटवर नाही, मीटर वेग कुठून उचलतं त्यावर आहे.

आधी तेच बघा. गाडी डबल स्टँडवर लावा, पुढचं चाक फिरत नाही ना ते बघा, पहिला गिअर टाकून हळूच क्लच सोडा. बोटं, धोतर, ओढणी चेनपासून लांब. मागचं चाक फिरतंय आणि मीटर शून्यावरच आहे? मग वेग पुढच्या चाकावरून जातो. जुन्या स्प्लेंडरला तिथूनच केबल असते. अशा गाडीला कितीही दातांचं स्प्रॉकेट टाका, मीटरला फरक नाही. तिथे घोळ होतो तो पुढच्या टायरने. १००/९०-१७ च्या जागी १००/८०-१७ बसवला तर घेर सव्वातीन टक्क्यांनी घटतो आणि मीटर साधारण तेवढंच जास्त पळतं.

मीटर हललं तर सेन्सरची वायर शोधा. ती मागच्या चाकाच्या हबकडे गेली असेल तर निवांत राहा. इंजिनाकडे, पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपास गेली असेल, तर मात्र हिशोब बदलणार. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मोजतो. चेनच्या पलीकडे चाक किती फिरलं, याचा त्याला पत्ताच नसतो.

आता कागद घ्या. मागचे दात भागिले पुढचे दात. मागे ४५, पुढे १५ असतील तर ३. पुढे १४ टाकले की ३.२१. नवा आकडा भागिले जुना, म्हणजे १.०७. मीटर सात टक्के जास्त दाखवणार: खरा वेग ६०, काटा ६४ वर. उलट पुढे १६ टाकले तर ६० ला काटा ५६ च दाखवतो. हे माझ्या मते जास्त वाईट, कारण दंडाची पावती खऱ्या वेगावर फाटते.

वेगापेक्षा किलोमीटरकडे बघा. १४ दातांवर गाडी १० लिटरमध्ये ५०० किलोमीटर गेली, तर मीटर ५३५ दाखवेल. इंजिन जास्त फेरे घेतंय आणि ॲव्हरेज मात्र ‘वाढलं’! रीडिंगला १.०७ ने भागा, खरा आकडा मिळेल.

पडताळणी स्प्रॉकेट बदलण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा करा. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ सांगतो. म्हणून बरेच स्पीडोमीटर मुळातच थोडं जास्त दाखवतात. आधी मोजलं नाही तर तेही खापर स्प्रॉकेटवर फुटतं. गेवराई-शहागडसारखा सरळ पट्टा धरा, ६० चा वेग कायम ठेवा, मागे बसलेल्याला मोबाइलवर जीपीएसचा वेग बघू द्या. किलोमीटरसाठी रस्त्याकडेचे दगड आहेतच. एकावर विसंबू नका, दहा-वीस मोजा.

दुरुस्तीसाठी सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसणारं कॅलिब्रेटर, म्हणजे मीटरकडे जाणारा आकडा दुरुस्त करणारं उपकरण, मिळतं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरच्या वायरीत मात्र असलं काही जोडू देऊ नका. एका दाताच्या फरकासाठी मी तर खर्च करणार नाही; सर्व्हिस बुकात तारीख, तेव्हाचं रीडिंग आणि दात लिहून ठेवावेत. गाडी विकताना घेणाऱ्याला तेच पान दाखवा.