डेबियनचे पॅच: साधन कोणतंही असो, सिरीज एकच

इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या घरी रविवारी आम्ही तिघं डेबियन पॅकेजिंगला बसतो, म्हणजे दुसऱ्यांचे प्रोग्राम डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी बांधतो. त्यांच्या मूळ सोर्समध्ये आपण केलेला बदल ज्या फाइलीत नोंदतो, ती पॅच. एक क्विल्टवाला (पॅचांची रांग सांभाळणारं साधन), दुसरी गिट-बिल्डपॅकेजवाली (गिटमधून पॅकेज बांधणारं साधन), आणि मी थेट फाइल उघडून बदल करणारा. मध्यंतरी क्विल्टमध्ये नीट बसलेला पॅच बिल्डला अडला आणि अख्खी दुपार गेली. तेव्हापासून आम्ही असं करतो.

आधी डेबियन/सोर्स/फॉरमॅट ही फाइल बघा. तिच्यात '३.० (क्विल्ट)' हवं. जुन्या १.० मध्ये पॅच कसे लावायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी डीपॅच नावाचं साधन वापरी, कुणी सीडीबीएस. ३.० मध्ये सोर्स उलगडतानाच डीपीकेजी-सोर्स हा डेबियनचा प्रोग्राम सगळे पॅच लावतो, डेबियन/पॅचेसमधल्या सिरीज फाइलीतल्या क्रमाने. हीच फाइल तिघांनी प्रमाण मानायची.

क्विल्ट मुळात 'पॅचेस' नावाचं फोल्डर शोधतं, म्हणून क्विल्टआरसी या सेटिंगच्या फाइलीत त्याला डेबियन/पॅचेसचा पत्ता द्या. रिफ्रेश करताना, म्हणजे बदल पॅचमध्ये लिहिताना, तारीख-वेळ आणि इंडेक्सची ओळ लिहू नये, हेही तिथेच सांगून ठेवा. नाहीतर एक ओळ बदलली तरी गिटमध्ये नको तेवढे फरक दिसतात.

समजा, मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) प्रोग्राम यूएसआर/लोकलमध्ये टाकते आणि आपल्याला तो यूएसआरमध्ये हवाय. आधीचे सगळे पॅच पुश करा, म्हणजे सोर्सवर लावा. मग क्विल्ट न्यू, क्विल्ट ॲड मेकफाइल, आणि त्यानंतरच एडिटर उघडा. ॲड करायच्या आधी बदल केलात तर क्विल्टकडे मूळ प्रतच नसते, पॅच रिकामा निघतो. शेवटी क्विल्ट रिफ्रेश. पॅचच्या वर डेप-३ या डेबियनच्या ठरलेल्या साच्याप्रमाणे बदलाचं कारण, लेखक आणि तो मूळ प्रकल्पाला पाठवला का, हे लिहा. दोन वर्षांनी पॅकेज हाती घेणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

आमचं घोडं अडलं ते फझपाशी. आजूबाजूची एखादी ओळ जुळली नाही तरी क्विल्ट पॅच बसवून घेतं, फक्त 'फझ' अशी सूचना देतं. डीपीकेजी-सोर्सला मात्र फझ अजिबात चालत नाही. म्हणून मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की एकेक पॅच पुश करा आणि प्रत्येकानंतर रिफ्रेश.

गिटवाल्यांसाठी गिट-बिल्डपॅकेजची जीबीपी पीक्यू इम्पोर्ट ही आज्ञा: पॅच-क्यू नावाच्या वेगळ्या शाखेत प्रत्येक पॅचचा एक कमिट (गिटमधली नोंद) होतो. काम झालं की एक्सपोर्ट केल्यावर सगळं पुन्हा डेबियन/पॅचेसमध्ये येतं. ती पॅच-क्यूची शाखा सामायिक रेपॉझिटरीत ढकलू नका. माझ्यासारख्यांनी बदल करून झाल्यावर डीपीकेजी-सोर्सला 'कमिट' पर्याय द्यावा. तो नाव विचारून पॅच बनवतो.

पॅकेज दुसऱ्याकडे द्यायच्या आधी डीएससी फाइल (सोर्स पॅकेजची यादी-फाइल) रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडून बघा. तिथे सगळे पॅच विनातक्रार बसले, तरच पुढे पाठवा.