अडीअडचणीला डिझेल फोर बाय फोर घ्यायची तर काय बघून घ्यायची

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पाणी आलं आणि लांबोटीच्या पुलापाशी पुण्याचा हायवेच बंद पडला, तिकडं माढा-मोहोळची गावं पाण्यात, तेव्हापासनं ओळखीतल्या चार-पाच जणांनी तरी मला विचारलंय की घरी एखादी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी गाडी, असावी म्हणतो, कुठली घेऊ. मी काय मेकॅनिक नाही. राहतो सोलापुरात, शेत मोहोळ तालुक्यात, वस्तीवर म्हातारी माणसं, दोन जुन्या जीपा वापरून झाल्यात आणि त्यातल्या एकीत चांगला फसलोय, एवढीच माझी लायकी.

पहिलं म्हणजे शोरूमला जाऊ नका, आधी आपला रस्ता चालत जाऊन बघा. वस्तीपासनं डांबरीपर्यंत ओढे किती, त्यावर पूल आहे का नुसती फरशी, काळी माती कुठनं कुठपर्यंत, आणि हा रस्ता बंद झाला तर दुसरा कुठला. आपल्याकडं बहुतेकांचं असं निघतं की सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत सगळी डांबरी आणि खरा घोळ तो शेवटच्या एक-दोन किलोमीटरच्या पाणंदीचा. तुमच्या पाणंदीवर मुरूम पडला असेल तर साधी मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो सुद्धा बास होते, उगं चार-पाच लाख जास्तीचे घालू नका, त्यातले थोडे मुरमाला घातले तर अख्ख्या भावकीची सोय होईल (भावकी पैसे काढणार नाही तो भाग वेगळा).

काळ्या मातीचं मात्र नीट समजून घ्या. ही माती पावसात चाकाला लिंपत जाते, दोन-चार फेऱ्यात टायरच्या खाचा बुजतात आणि मग टायर गुळगुळीत गोल भोपळा होतो, तसं झालं की चार चाकं फिरू देत नाहीतर सहा, गाडी जागच्या जागी. म्हणून मी तर म्हणतो इंजिनाच्या आधी टायर बघा. कंपनीतनं येणारे हायवेचे टायर चिखलात लगेच भरतात, मोठ्या खाचांचे मड टायर माती फेकून देतात पण हायवेला आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरीवर ब्रेकला तेवढे पकडत नाहीत, मधला मार्ग ऑल-टेरेन. गाडी महिन्यातनं पंचवीस दिवस शहरातच, सात रस्ता ते होटगी रोड, फिरणार असेल तर ऑल-टेरेनच घ्या. आणि चिखलात शिरायच्या आधी हवा उतरवायची, 30-32 पीएसआयवरनं 18-20 वर, टायर पसरतो आणि पकड वाढते, बाहेर निघालं की परत भरायची, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच पाहिजे.

आता फोर बाय फोर. नुसतं स्टिकर बघून भुलू नका. मला दोन गोष्टी पाहिजेत, एक लो गियर, म्हणजे ट्रान्सफर केसमधली (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा) वेगळी खालची रेंज, जिच्यात गाडी चालत्या माणसाच्या वेगानं पण पूर्ण ताकदीनं जाते, आणि दुसरं डिफरेन्शियल लॉक. एक चाक चिखलात सुटं फिरायला लागलं की साधा डिफरेन्शियल सगळा जोर त्या फुकट फिरणाऱ्या चाकालाच देतो, लॉक टाकला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. शहरी एसयूव्हीला ऑल-व्हील-ड्राइव्ह असतं पण बहुतेकींना लो गियर नसतो, त्या ओल्या घाटाला ठीक, आपल्या पाणंदीला नाही. आणि लिव्हर टाकून लागणारी फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर लावून पळवायची नाही, पुढच्या-मागच्या चाकांत ताण येऊन ट्रान्सफर केसची वाट लागते.

डिझेलच का, तर खालच्या आरपीएमला जोर मिळतो, एका टाकीत लांब जाते, पण माझ्यासाठी खरं कारण वेगळंच आहे. पूर आला, पंप बंद, लाइट गेलेली, अशा वेळी गावात पेट्रोल कुणाकडं नसतं पण डिझेल ट्रॅक्टरवाल्याच्या कॅनमध्ये निघतंच. मारुतीची जिमनी गाडी म्हणून चांगली, हलकी, लो गियर पण आहे, पण आपल्याकडं ती पेट्रोलमध्येच येते म्हणून माझ्या यादीत नाही. पण इथंच एक गोची आहे बघा. ते कॅनमधलं डिझेल धुळीचं, पाणी मिसळलेलं असू शकतं, ट्रॅक्टर नाहीतर जुनं साधं पंपवालं इंजिन ते पचवतं, आजच्या कॉमन रेल, म्हणजे खूप दाबानं डिझेल मारणाऱ्या, इंजिनाचे इंजेक्टर पचवत नाहीत, एकदा खराब झाले की बिल बघून घाम फुटतो. म्हणून आपलं स्वतःचं वीस लिटरचं स्वच्छ कॅन ठेवायचं, घरात नाही, सावलीत बाहेर, आणि तीन-चार महिन्यांनी ते गाडीत ओतून नवीन भरायचं. टाकी कोरडी होऊ द्यायची नाही, डिझेल लाइनीत हवा शिरली की बऱ्याचदा नुसतं डिझेल ओतून सेल्फ मारून भागत नाही, हवा काढत बसावं लागतं, आणि ते रात्री दोन वाजता पावसात कोण करणार.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत अजून दोन भानगडी. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, रोज गावातल्या गावातच गाडी फिरवली तर ही चोंदते, मग आठवड्यातनं एकदा हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी पळवायची. आणि काही गाड्यांना युरियाचं पाणी लागतं, डीईएफ म्हणतात, ते पूर्ण संपलं आणि गाडी बंद केली तर परत चालूच होत नाही, त्यामुळं घ्यायच्या आधी डीईएफ लागतं का विचारा आणि लागत असेल तर एक कॅन घरी ठेवा.

गाड्यांचं थोडक्यात. फोर्सची गुरखा कामाला एक नंबर, पुढं-मागं दोन्ही लॉक, कंपनीतनंच स्नॉर्कल (इंजिनाला वरनं हवा देणारी नळी), 700 मिलिमीटर खोल पाण्यातनं जायचा आकडा, पण सर्व्हिस तुमच्या जवळ कुठं आहे ते आधी विचारा. महिंद्राची थार सगळीकडं दुरुस्त होते, पण थार म्हणजे फोर बाय फोरच असं नाही, दीड लिटर डिझेलवाली फक्त मागच्या चाकांवर आहे, दोन पॉइंट दोनवालीच बघा, आणि तीन दाराच्या थारमध्ये आजारी माणूस आडवा झोपवता येत नाही, गुडघे दुखणाऱ्या आईला मागं चढवून बघा मग कळेल. पाच दाराची थार रॉक्स डिझेलमध्ये आणि स्कॉर्पिओ-एन दोन्ही फोर बाय फोर मिळतात, जागा पण आहे. स्कॉर्पिओ क्लासिकला फोर बाय फोर नाही. टोयोटाची हायलक्स दणकट, पण एवढ्या पैशात वस्तीचा रस्ता होईल.

जुनी घेणार असाल तर माझं ऐका. मी पहिली जीप घेतली तेव्हा दलाल म्हणाला फोर बाय फोर एकदम ओके, मी हायवेला चालवून बघितली, लिव्हर पडत होती, खूश झालो. पहिल्याच पावसात अडकलो, मागची चाकं फिरतात आणि पुढची ढिम्म, खाली वाकून बघतोय तर पुढच्या चाकांना जोर नेणारी प्रोपेलर शाफ्टच नाही, अॅव्हरेज वाढावं म्हणून कुणीतरी काढून ठेवलेली. शेवटी चुलत्यांनी ट्रॅक्टर लावून टोचन करून काढली आणि वर्षभर ऐकवलं. तेव्हापासनं जुनी गाडी मी नांगरलेल्या रानात नेऊन बघतो, लो टाकायची, चारही चाकं ओढतात का दुसऱ्याला बाहेर उभं करून बघायचं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघायचं, भकाभका धूर आला तर बॅक मारतंय, म्हणजे इंजिन झिजलंय, सोडून द्या. पंधरा वर्षांची झाली असेल तर परत पासिंग झालंय का कागद बघा.

पाण्याचं शेवटी सांगतो कारण माणसं इथंच मरतात. कंपन्या सांगतात तो 650 नाहीतर 700 मिलिमीटरचा आकडा थांबलेल्या पाण्याचा असतो. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी एसयूव्ही उचलून नेतं, फरशीवरनं गढूळ पाणी चाललं असेल तर खालची फरशी शिल्लक आहे का वाहून गेली तेच दिसत नाही. स्नॉर्कल असली तरी गाडी वाहतेच. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, साध्या विम्यात हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, ते घ्याच.

सामान जास्त लागत नाही. टोचनचा चांगला पट्टा, तो अडकवायला शॅकल (लोखंडी कडी), फावडं, चाकाखाली घालायला दोन फळ्या, धड असलेली स्टेपनी, डिझेल फिल्टर एक जादा, हातातली बॅटरी, पाणी, आणि दोन दिवस टिकेल असं खायला, आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणीच असते. गाडी उभी राहून राहूनच खराब होते. दर अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतोच की आपण, त्याच दिवशी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं, स्टेपनीची हवा बघायची आणि बांधावर नेऊन एकदा फोर बाय फोर लावून दहा फूट पुढं, दहा फूट मागं. आमच्या वस्तीवरची पोरं आता लिंबू घेऊनच विचारतात, लो टाकायची का दादा.