जूनअखेरची तेरीज: भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घरचा सहामाही हिशेब

जूनचा शेवटचा रविवार. जेवणं झालेली, पावसाने लाइट घालवलेली. मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढते आणि चटई टाकून बसते. असा सहामाही हिशेब मांडायचं यंदाचं हे पाचवं वर्ष. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत मी बावीस वर्षं लेखनिक आहे, कीर्द-खतावणी, म्हणजे रोजचे व्यवहार तारखेने लिहायचे आणि मग खात्यांवर टाकायचे, हाच उद्योग. मार्चअखेर ताळेबंद जुळला नाही तर रात्री अकरापर्यंत बसावं लागतं, हे आमच्यातला प्रत्येक जण एकदा सोसून शिकतो. मधेच तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, मांडून बघितली तर चूकही सापडते आणि ती निस्तरायला महिनेही हातात राहतात. डिसेंबरात बसून वर्षाचा आढावा घेणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. तेव्हा हातात काय उरलेलं असतं?

साहित्य साधंच आहे. कॅलेंडर, दोनशे पानी वही, एक निळं पेन, एक लाल पेन. मोबाइल लागतो तो फोटोंच्या तारखा आणि पैसे कुणाला पाठवले ते बघायला. दोन तास पुरतात. डायरी असेल तर डायरी घ्या, पण माझा भरवसा कॅलेंडरवर जास्त. डायरीत माणूस जरा नटूनथटून लिहितो. चौकोनात "गॅस लावला", "दूध खाडा", "फी भरणे" एवढंच मावतं, त्यामुळे तिथे खोटं सहसा शिरत नाही. फक्त पानं उलटताना मागच्या पाककृतीत गुंतू नका. गेल्या वर्षी माझा अर्धा तास त्यात गेला.

आधी कीर्द लिहायची. जानेवारीपासून आजपर्यंत जे जे खरडलेलं आहे ते तारीखवार वहीत उतरवा. दूध आणि गॅस सोडून द्या, बाकी सगळं घ्या. या टप्प्यावर "अरेरे" म्हणायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. कीर्दीत रक्कम लिहितात, खुलासा नाही. अक्षर लागत नसेल तिथे घरच्यांना विचारा. आमच्या १४ फेब्रुवारीच्या चौकोनात ह्यांच्या अक्षरात नुसतं "पाना" असं होतं. मला वाटलं, काहीतरी गोड असेल. शेजाऱ्यांचा पाना परत द्यायचा राहिला होता. तो अजून आमच्याच माळ्यावर आहे.

मग खतावणी. वहीची चार पानं काढा: घर, नोकरी, फिरणं, गाव. कीर्दीतली प्रत्येक नोंद त्या त्या खात्याला टाका. एखादी नोंद दोन खात्यांत बसते असं वाटलं, तर ती जिथे जास्त दुखते तिथे टाका. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझा आहे.

आता लाल पेन. आमच्या संस्थेत तीन हप्ते थकले की कर्जदाराला नोटीस जाते, मग तो संचालकांचा मेहुणा का असेना. घरालाही मी तोच नियम लावते. एकच गोष्ट तीन वेळा लिहिलेली आणि तिन्ही वेळा न झालेली दिसली की तिच्याभोवती लाल गोल.

यंदा पहिला लाल गोल घराच्या पानावर पडला: "आई – डोळे." फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये एकदा, जूनच्या ८ तारखेला पुन्हा. पाच वेळा. आई सत्त्याहत्तरची, गावी दादाकडे असते. दर वेळी फोनवर काय बोलणं झालं ते मला आठवत होतं. फेब्रुवारीत "ज्वारी निघू दे गं". मार्चमध्ये गावची यात्रा. एप्रिलमध्ये कुरडया आणि सांडगे. मे-जूनमध्ये अधिक महिना, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण, तेव्हा दवाखान्याचं नावच काढायचं नाही. आणि आता पेरणी. बरं, बाई घरात बसून आहे असंही नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत झाली, आणि तिची पंचाहत्तरी उलटल्यापासून आधारकार्ड कनवटीला लावून ती सगळ्या भाच्या-पुतण्यांकडे जाऊन येते. फलटणला जाते, पंढरपूरला जाते. डोळ्याच्या डॉक्टरकडे तेवढी गाडी जात नाही.

इथे एक काम नीट करा: लाल गोलासमोर कारण कुणाचं ते लिहा. मी प्रामाणिकपणे लिहायला गेले तेव्हा पाचातली तीन कारणं आईची निघाली आणि दोन माझी. मार्चअखेर होती, नंतर ऑडिट. म्हणजे आईची ज्वारी आणि माझा ताळेबंद एकाच मापाची सबब. शिवाय "मोतीबिंदू अजून पिकला नाही" हे दादाचं पालुपद मीही मान डोलावून ऐकत होते. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते. पावसाळ्यात करू नये हीसुद्धा समजूतच. मी त्याच दुपारी दादाला फोन लावला.

"दादा, ९ जुलै. गुरुवार. साडेदहाची वेळ घेतलीय."

"तायडे, घेवड्याची पेरणी..."

"पेरणी वहिनी आणि गडी बघतील. तू आईला गाडीत बसव, मी स्टँडवर उभी असते."

जरा वेळ पलीकडून पावसाचाच आवाज. मग "बरं" म्हणाला. लाल गोलाची नोंद अशीच मिटवायची: तारीख, वेळ आणि दुसऱ्या एका माणसाचं नाव. तिन्ही नसतील तर ती नोंद पुन्हा थकणार. किंवा मग सरळ खोडून टाका. माझ्या यादीत "हार्मोनियम क्लास" चार वर्षं होता. यंदा खोडला, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

नोकरीच्या पानावर मी फार रेंगाळत नाही. ज्या दिवशी रात्री आठनंतर घरी आले त्या चौकोनात कोपऱ्यात टिंब देते, ती टिंबं मोजते. सहा महिन्यांत ३१. मार्चमधली १९ मला मान्य आहेत, ती दरवर्षीचीच. पण मेमधली ७ कशाची? आठवून पाहिलं तर सातही वेळा कुणीतरी "ताई, तेवढं बघा ना" म्हटलं होतं. पुढचं आधीच मांडून ठेवा. सहकारी संस्थेत असाल तर ऑडिट जुलैअखेर आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेर, हे ठरलेलंच असतं. मग त्या आठवड्यांत घरचं काही ठेवू नका, आणि ऑगस्टमधले दोन दिवस रजा आत्ताच लिहून द्या. रजा शिल्लक ठेवल्याबद्दल मला बावीस वर्षांत कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

फिरण्याचं पान सगळ्यात मजेशीर निघतं. मी ११ प्रवास लिहिले: चार लग्नं, दोन वास्तुशांती, एक बारसं, दोन दहावे, एक साखरपुडा, एक कोर्टाची तारीख. कोर्टाची तारीख सोडली तर पंगत नसलेला एकही प्रवास नाही! बायकांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून निम्मं आहे, म्हणजे पैशाचीही सबब नाही. तुमचंही पान असंच निघालं तर एक मोठा आणि एक छोटा असे दोनच प्रवास उरलेल्या सहा महिन्यांत बसवा. मोठ्यासाठी रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या चौकोनात "तिकीट" असं आत्ताच लिहा. ऑक्टोबरात आठवून उपयोग नाही.

छोटा प्रवास माझा ठरलाय. अधिक ज्येष्ठामुळे यंदा आषाढी २५ जुलैला, म्हणजे माउलींची पालखी जुलैच्या मध्यावर आमच्या जिल्ह्यात. नीरेला पादुकांना स्नान घालून ती लोणंदला येते. लोणंदहून तरडगावपर्यंत मी आणि कॅशियर वैनी चालणार. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथे पहिलं उभं रिंगण होतं. पूर्ण वारी करायला पंधरा दिवसांवर रजा लागते. एका दिवसाला एकच. लोणंदला रेल्वे आहे, जायची चिंता नाही. परतीचं मात्र आधी विचारून ठेवा, पालखीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत. नवी चप्पल घालू नका. हे मी पायाला फोड आणून शिकले आहे.

राहिलं गावाचं पान. बहुतेकांचं हे पान कोरं असतं. माझ्या पानावर चार नोंदी होत्या, त्यातल्या तीन एकाच चेंबरच्या. शाळेच्या कोपऱ्यावर गटारीचं झाकण फुटलंय. जानेवारीत मी अर्ज दिला, मार्चमध्ये आठवण केली, जूनमध्ये पुन्हा गेले तर खिडकीतले साहेब म्हणाले, "कुठला अर्ज?" चूक माझी. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक कागदावर मी आवक क्रमांक टाकते, पण स्वतःच्या अर्जाची पोच घेतली नव्हती. तुम्ही दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. यंदा तिसऱ्या नोंदीवर लाल गोल पडला, म्हणून नवा अर्ज लिहिला, तो पोच घेऊनच देणार, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्जही लिहिला. आपल्या राज्यात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. "झाकण का बसवत नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. "या चेंबरच्या दुरुस्तीबाबत जानेवारीपासून आजपर्यंत लिहिलेल्या टिपण्यांच्या आणि आदेशांच्या प्रती द्याव्यात" असं मागा. कागद मागितला की कागद शोधावा लागतो. उत्तराला ३० दिवस. सोमवारी अर्ज देणार, म्हणून २९ जुलैच्या चौकोनात "उत्तर?" लिहिलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी "अपील". अपिलाला २० रुपयांचं तिकीट, तेही आणून वहीत ठेवलंय.

गावाच्याच पानावर आणखी एक नोंद: लेक १९ जूनला अठराची झाली. मतदार यादीत नाव घालायला पूर्वी १ जानेवारीचीच वाट बघावी लागे. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. तिला म्हटलं, नमुना ६ भर. म्हणाली, "आई, परीक्षा झाल्यावर." मी आजीचा आवाज ओळखला आणि तिच्यासमोर वही उघडून ठेवली. दहा मिनिटांत भरला.

शेवटी शिल्लक पुढे ओढायची. जुलैपासूनच्या पानांवर या सगळ्या तारखा निळ्या पेनाने उतरवा. महिन्याला चारपेक्षा जास्त नकोत, पुढचा चौकोन भरायला दूध आणि गॅस असतातच. जुन्या पानांवर तिरकी रेघ मारा, वहीत तळाशी तारीख घालून सही करा. घरातल्या आणखी एकाची सही घेता आली तर उत्तम. ह्यांनी सही केली, वर "पाना" या शब्दावर बोट ठेवून हसले, पण माळ्यावर काही चढले नाहीत.

मी जुलैची ९ तारीख लिहीत होते तेवढ्यात दारात दूधवाला. जूनचा हिशेब हवा होता. भिंतीवर नुसता खिळा बघून म्हणाला, "कॅलेंडर कुठं गेलं, वहिनी? खाडे किती धरू?" चटईवरून पान वर केलं, मोजून सांगितलं: तीन. तो म्हणाला, दोन. दोघं मिळून पुन्हा मोजायला लागलो.