आपले नेमके कोणते संवादकौशल्य कच्चे आहे, हे कसे ओळखावे

पदवी संपवून कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेलेल्या मुलामुलींना ‘तुमचे कम्युनिकेशन कमी पडते’ असा शेरा मिळाला, की त्यांतले बरेच जण थेट इंग्रजी संभाषणाच्या वर्गात नाव घालतात. अनेकदा दुखणे एक आणि औषध दुसरेच, असा हा प्रकार होतो. ऐकणे, बोलणे, लिहिणे आणि देहबोली ही चार स्वतंत्र कौशल्ये आहेत, आणि ज्याला आपली अडचण मराठीत चार वाक्यांत नीट मांडता येत नाही, त्याला ती इंग्रजीत मांडता येण्याची शक्यता कमीच असते. त्यामुळे वर्गाची फी भरण्यापूर्वी या चारांपैकी आपले काय कच्चे आहे, ते तपासून घ्यावे.

सुरुवात ऐकण्यापासून करावी, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात आणि त्या आपल्या लक्षातही येत नाहीत. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पाळी बदलताना आधीच्या पाळीचा पर्यवेक्षक चार गोष्टी सांगतो: कोणता साचा तयार आहे, कोणते कास्टिंग (ओतीव भाग) नाकारले गेले, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला आहे, काय तपासायचे राहिले आहे. ऐकणारा ‘हो, हो’ म्हणत मान हलवतो आणि अर्ध्या तासाने त्यातील दोनच गोष्टी त्याच्या लक्षात असतात. यावरचा उपाय साधा आहे. समोरच्याचे बोलणे संपल्यावर ‘म्हणजे मी आधी हे तपासायचे आणि मग ते सुरू करायचे, बरोबर ना?’ असे आपल्या शब्दांत परत सांगावे. आठवडाभर हे करून पाहावे आणि समोरच्याला किती वेळा दुरुस्ती करावी लागली, याची वहीत नोंद ठेवावी. दुरुस्त्या वारंवार होत असतील, तर आपली अडचण बोलण्याची नसून ऐकण्याची आहे, असे खुशाल समजावे.

बोलण्याची तपासणी मोबाइलवर होते. आपल्या कामाची किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची माहिती दोन मिनिटे रेकॉर्ड करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. मुख्य मुद्दा कितव्या वाक्यात आला आणि किती वाक्ये अर्धवट सुटली, एवढेच पाहावे. कोल्हापूरकरांचा आवाज मोठा असतो आणि बाहेरच्या माणसाला साधी विचारपूससुद्धा भांडणासारखी वाटू शकते. पण तो दोष मानून आवाज दाबण्याची गरज नाही, वेग कमी केला तरी पुरते. मित्रांमधले ‘काय भावा’ मात्र मुलाखतीच्या दाराबाहेर ठेवावे. दोघांमधले बोलणे, गटचर्चा आणि सभेतील भाषण यांचा सराव वेगवेगळा करावा लागतो. गल्लीतल्या तालीम मंडळाच्या बैठकीत फर्डे बोलणारा माणूस ग्राहकासमोर गप्प बसलेला पुष्कळदा दिसतो.

देहबोलीविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, हे वाक्य अनेक प्रशिक्षक ठामपणे सांगतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील ज्या प्रयोगांवरून ते आले, ते भावना आणि पसंती-नापसंती व्यक्त करण्यापुरते होते, सर्वच संवादाला लागू नव्हते. उसाच्या बिलाचा हिशेब केवळ हातवाऱ्यांनी समजावता येत नाही. उलट जिथे शब्द ऐकूच येत नाहीत, तिथे खुणाच प्रमाण ठरतात: क्रेनच्या चालकाला एकाच नेमलेल्या माणसाने ठरलेल्या खुणा करायच्या असतात, मात्र थांबण्याची खूण कोणीही केली तरी ती पाळायची असते. मुलाखतीत सरळ बसणे, समोर पाहणे आणि हातातील मोबाइल बाजूला ठेवणे एवढे सांभाळले तरी चालते.

लेखी संवादाची कसोटी अधिक कडक असते, कारण वाचणाऱ्याला शंका आली तरी लिहिणारा तिथे नसतो. पंचगंगेचे पाणी चढू लागले की गटागटांत ‘पाणी वाढतंय, सगळ्यांनी सावध राहा’ असे संदेश फिरतात. त्यातून वाचणाऱ्याने काय करावे, हे कळत नाही. या नदीवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. तेव्हा सध्याची पातळी, ती केव्हाची, कोणत्या गल्लीतील लोकांनी निघायचे, कुठे जायचे आणि ही माहिती कोणी दिली, एवढे पाच तपशील ज्या संदेशात आहेत, तोच उपयोगी. रजेचा अर्ज, बिघाडाची तक्रार किंवा ग्राहकाला पाठवायचा ईमेल लिहितानाही हीच पद्धत वापरावी: प्रथम काय हवे ते, मग कारण, मग तारीख. पाठवण्यापूर्वी तो मजकूर विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला, घरात ताई किंवा दादाला, वाचायला द्यावा आणि ‘आता तू काय करशील?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले, तर समजावून सांगत बसू नये, मजकूर बदलावा.

कोणता विषय कोणत्या मार्गाने मांडायचा, हेही आधी ठरवावे. पैसे, तारखा आणि मोजमापे तोंडी ठरली तरी त्याच दिवशी लेखी कळवावीत. नाराजी मात्र व्हॉट्सॲपवर लिहू नये. त्यासाठी वेळ मागून घ्यावी आणि समोर बसून बोलावे.